चेक रीडर गप्प बसला तर समजायचं काय?

चेक रीडर म्हणजे चेकच्या खालची चुंबकीय शाईची ओळ वाचून कॉम्प्युटरला पाठवणारं यंत्र. ते सेट करताना लोक बाकी सगळं नीट बघतात, बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग), पॅरिटी (डेटा नीट पोचला का ते तपासणारा बिट), अकाउंट नंबर आधी की चेक नंबर आधी वगैरे, आणि एरर रिपोर्टिंगचा पर्याय मात्र जसा आला तसाच सोडून देतात. तो बंद असेल तर चेक वाचला गेला नाही की बरेच रीडर सॉफ्टवेअरला काहीच पाठवत नाहीत. लाल लाइट लागतो, पण तो माणसाला दिसतो, प्रोग्रामला थोडीच दिसणार! प्रोग्राम बिचारा वाट बघत बसतो आणि त्याच्या दृष्टीने चेक अजून घातलाच नाहीये.

म्हणून माझं मत सरळ आहे, स्टेटस कोड, म्हणजे वाचन कसं झालं ते सांगणारा कोड, प्रत्येक वेळी यायलाच हवा, चेक नीट वाचला गेला असला तरी. डेटाच्या शेवटी, कॅरेज रिटर्नच्या (ओळ संपल्याच्या खुणेच्या) आधी, ठरलेल्या लांबीचा. म्हणजे प्रोग्रामला उजवीकडून तेवढी अक्षरं तोडून घेता येतात, डेटा कितीही लांब असो.

दुसरा पर्याय असतो एरर आली तरी डेटा पाठवायचा की नाही. इथे जरा विचार करा. चेकच्या खालची ओळ ज्या ई-१३बी फॉन्टमधे छापतात त्यात एकूण १४च प्रकारची कॅरेक्टर असतात, १० अंक आणि ४ चिन्हं, आणि त्यातलं एखादं ओळखता आलं नाही तर रीडर त्याजागी प्रश्नचिन्हासारखं काहीतरी टाकतो. समोर माणूस बसलाय आणि तो चेक बघून ते एक अक्षर भरू शकतो असं असेल तर डेटा येऊ द्या, अख्खी ओळ टाइप करण्यापेक्षा बरं. पण सगळं आपोआप चाललेलं असेल तर अर्धवट डेटा नकोच, फक्त कोड पाठवा.

कीबोर्ड मोडमधे असाल तर जास्त सांभाळा, कारण रीडर जे पाठवतो ते कर्सर जिथे आहे तिथे टाइप होतं, मग एररचा कोड रकमेच्या रकान्यात जाऊन बसला तर कोणाला पत्ताही लागत नाही. सिरियल पोर्टवर ही भानगड नाही.

अजून एक, एरर म्हणजे वाचताच आलं नाही असंच नसतं. अमेरिकन रूटिंग नंबर (बँक ओळखायचा नंबर, यालाच ट्रान्झिट नंबरही म्हणतात) ९ अंकी असतो आणि त्यातला शेवटचा चेक डिजिट, म्हणजे बाकीचे अंक बरोबर आहेत का ते तपासायचा अंक. रीडरमधे ती तपासणी चालू असेल आणि दुसऱ्या देशाचा चेक घातला तर अक्षरं सगळी स्वच्छ वाचली जाऊनही ट्रान्झिट एरर येऊ शकते. त्यामुळे कोडवरून "परत घाला" एवढाच मेसेज दाखवू नका, माणूस तोच चेक परत परत घालत बसेल! आणि कागद अडकलाय, झाकण उघडं आहे हे तर मशीनचं स्टेटस झालं, त्याचा मेसेज वेगळा ठेवा.

सेटिंग झालं की सेव्हची कमांड द्यायची असते, नाहीतर काही रीडर लाइट गेली की सगळं विसरतात. मग मुद्दाम बिघडवून बघायचं. कोरा कागद घाला, चेक उलटा घाला. साध्या टोनरवर काढलेली झेरॉक्स पण घाला, डोळ्याला हुबेहूब दिसते पण शाईत सहसा पुरेसे चुंबकीय कण नसतात, त्यामुळे मॅग्नेटिक हेडला (चुंबकीय शाई वाचणाऱ्या भागाला) तिथे वाचण्याजोगं काही सापडत नाही. उलट ओळीवर साध्या पेनाची सही गेलेली असेल तर मॅग्नेटिक हेड सहसा आरामात वाचतो आणि कॅमेऱ्यावर वाचणारा रीडर अडखळतो. प्रत्येक वेळी कुठला कोड येतो ते लिहून ठेवा, मॅन्युअलशी जुळतोय का बघा.

हे कोड लॉगमधे तारीख-वेळेसकट साठवा, जागा काय लागते त्याला. सगळ्याच बँकांच्या चेकवर एरर वाढायला लागल्या तर आधी हेडवरून क्लीनिंग कार्ड फिरवा, आणि जवळ एखादा ॲडॅप्टर किंवा ट्रान्सफॉर्मर ठेवलाय का तेही बघा. एकाच चेकबुकचे चेक अडत असतील तर छपाईत घोळ आहे, रीडर उघडायच्या भानगडीत पडू नका.