फोटो मोठा करताना
आज बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ऑफिसात दिवसभर एकच काम, फोटो मोठा करणारा कोड अजून वेगानं पळवायचा. लांत्सोश-३ फिल्टर, म्हणजे आजूबाजूच्या पिक्सेलांवरून नवा पिक्सेल काढायची रीत, एका पिक्सेलसाठी ६ × ६ म्हणजे ३६ शेजारी बघतो. तेच आधी आडवं, मग उभं केलं की प्रत्येक फेरीत ६ गुणाकारांवर भागतं. आडव्या फेरीतली वजनं, म्हणजे कुठल्या शेजाऱ्याला किती महत्त्व ते आकडे, सगळ्या ओळींना सारखीच, तेव्हा एकदाच काढून ठेवायची.

मला उभी फेरी फार आवडते. चित्र मेमरीत ओळीओळीनं मांडलेलं असतं. स्तंभ धरून खाली उतरलं की कॅशे, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, फुकट जातो. म्हणून तिथेही ओळच धरायची, सहा ओळी आपापल्या वजनानं गुणून बेरीज. काय सुरेख पळतं! न्यायमंदिराच्या, इथल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीच्या, फोटोवर चालवलं, कमानींच्या कडा अगदी स्वच्छ आल्या. उद्या एसआयएमडी, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच सूचनेत चार-चार आकडे एकदम.