मनात धरून ठेवणारा टीव्ही

1982 साली, आशियाई खेळांच्या वर्षी, दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढे ठाण्यातल्या चाळींत नि ब्लॉकांत रंगीत टीव्हीबरोबरच लोहचुंबकाची धास्तीही शिरली. कृष्णधवल संचाजवळ चुंबक नेला, तर चित्र वेडेवाकडे होई आणि तो दूर केला की मुकाट्याने पूर्ववत होई; रंगीत संच मात्र मनात धरून ठेवी.

आमच्या नौपाड्यातल्या घरी कॅसेट डेकचे स्पीकर (त्यांच्या पोटात चुंबक असतोच) टीव्हीला खेटून मांडले गेले आणि बातम्या देणाऱ्या निवेदिकेचा एक गाल हिरवा, तर मागचा पडदा कोपऱ्यात जांभळा दिसू लागला. ‘ट्यूब गेली’ असा निर्वाळा आईने देऊन टाकला, आणि त्या काळी ट्यूब, म्हणजे पडद्यासकट चित्र उमटवणारी काचेची नळी, जाणे म्हणजे जवळपास टीव्हीच जाणे. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी मात्र संच उघडलासुद्धा नाही. त्यांनी पिशवीतून चिकटपट्टी गुंडाळलेले तारेचे भलेमोठे कडे काढले, प्लगला लावले, पडद्यापुढे सावकाश गोल फिरवले आणि फिरवत फिरवतच ते दारापर्यंत मागे सरकले. मगच त्यांनी बटण सोडले. “वहिनी, ट्यूब ठणठणीत आहे. हे खोके तेवढे हातभर लांब ठेवा.”

अशा रंगीत ट्यूबमध्ये पडद्याच्या काचेमागे बारीक छिद्रांची पातळ धातूची जाळी असते आणि लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे तीन इलेक्ट्रॉन झोत आपापल्या कोनातून त्या छिद्रांतून जाऊन आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडतात. चुंबकाने झोत जरासा वाकला, की तो शेजारच्या ठिपक्यावर जातो. आणि जाळीच चुंबकित झाली, तर चुंबक हलवल्यावरही डाग उरतो. कड्यातल्या प्रवाहाची दिशा सेकंदाला शंभरदा उलटत असल्याने जाळी कधी या बाजूने, कधी त्या बाजूने चुंबकित होते, आणि कडे दूर जाईल तसतसा हा जोर ओसरत जवळजवळ शून्यावर येतो. पडद्याजवळच बटण सोडले असते, तर आणखी मोठा डाग पदरात पडला असता.

असे एक कडे ट्यूबभोवतीही बसवलेले असे; टीव्ही लावताक्षणी येणारा ‘धुंऽ’ आवाज त्याचाच. त्याच्या वाटेतला एक छोटासा घटक तापला, की प्रवाह आपोआप आटे, आणि तो निवेपर्यंत कडे पुन्हा काम करीत नसे. म्हणून डाग घालवण्यासाठी लागोपाठ बटण खटखटवणारे शेजारी उगाच दमत.

मला खरी मौज वाटते ती पृथ्वीची. चालू टीव्ही पूर्वेकडून उत्तरेकडे वळवला, तरी रंगांत हलकासा फरक पडू शके, कारण ही जाळी पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही दखल घेई. काही उत्पादक तर उत्तर आणि दक्षिण गोलार्धांसाठी वेगवेगळ्या जुळणीच्या ट्यूब बनवीत.