विश्वचषकाच्या वर्षातील रशियन फुटबॉल

कोल्हापूरहून फोन करणारे माझे मित्र अजूनही विश्वचषकाबद्दलच विचारतात, आणि ते साहजिकही आहे. मात्र 2018 हे वर्ष रशियात राहून पाहिल्यावर जून-जुलैचा तो महिना बाकीच्या वर्षापासून वेगळा काढून सांगावा असे मला वाटत नाही. विश्वचषकाच्या पाच आठवडे आधी ज्या क्लबने रशियाचा राष्ट्रीय चषक जिंकला, तो क्लब जून महिन्यातच कायमचा बंद पडला. यजमान संघाच्या पराक्रमाइतकीच ही घटनाही इथल्या फुटबॉलबद्दल बरेच काही सांगून जाते.

तो अंतिम सामना आमच्याच शहरात, व्होल्गोग्राडला झाला. तारीख होती 9 मे, म्हणजे रशियाचा विजयदिन. नवे मैदान मामायेव कुर्गान या टेकडीच्या पायथ्याशी, व्होल्गा नदीच्या अगदी जवळ आहे. दुसऱ्या महायुद्धात, या शहराचे नाव स्टालिनग्राड असताना झालेल्या लढाईत याच टेकडीसाठी महिनोन्‌महिने रक्त सांडले होते आणि मैदान बांधतानाही जमिनीतून त्या काळातील न फुटलेले बॉम्ब निघाले होते. त्या दिवशी सकाळपासून लोक हातात फुले घेऊन टेकडी चढत होते आणि दुपारनंतर त्याच ट्रामने फुटबॉलचे प्रेक्षक येऊ लागले. लेनिनग्राड प्रांतातील एका लहान शहराच्या तोस्नो या क्लबने दुसऱ्या श्रेणीतील कुर्स्कच्या आवानगार्दला 2-1 असे हरवले. मॉस्को किंवा पीटर्सबर्गच्या एकाही बड्या क्लबचा अंतिम सामन्यात मागमूस नव्हता, आणि माझ्या मते या वर्षातील सर्वांत निखळ आनंदाचा सामना तोच होता.

त्यानंतर काही दिवसांतच तोस्नो प्रीमियर लीगमधून खाली घसरला. युरोपीय स्पर्धेसाठी लागणारा परवाना नसल्यामुळे चषक जिंकूनही त्याला युरोपा लीगचे दार बंद होते. कर्ज वाढलेले, पैसा पुरवणारा कोणी नाही, अशा स्थितीत क्लब गुंडाळला गेला. त्याच महिन्यात पेर्म शहराचा आमकार हा क्लबही संपला. हा क्लब 2004 पासून सलग सर्वोच्च श्रेणीत खेळत होता आणि याही हंगामात त्याने मैदानावर आपले स्थान राखले होते, पण कागदोपत्री ते टिकले नाही. रशियात बहुतेक क्लब तिकिटांच्या किंवा प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर चालत नाहीत. प्रांतिक सरकार, सरकारी कंपनी किंवा एखादा धनाढ्य उद्योजक त्यांना पोसतो आणि त्याने हात आखडता घेतला की क्लबचा श्वास थांबतो. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा फुटबॉल संघ एखादे वर्ष सपाटून हरला तरी पुढच्या वर्षी शाहू स्टेडियमवर उतरतोच, कारण त्याच्यामागे पेठ उभी असते. तोस्नो आपले घरचे सामनेसुद्धा आपल्या गावात न खेळता पीटर्सबर्गच्या पेत्रोव्स्की मैदानावर खेळत असे. त्याच्यामागे पेठ उभी राहायला मुळात वेळच मिळाला नाही.

लीगचे विजेतेपद लोकोमोतिव मॉस्कोने मिळवले. 5 मे रोजी पीटर्सबर्गच्या झेनितविरुद्ध एदेरने अखेरच्या मिनिटांत केलेल्या एकमेव गोलाने ते निश्चित झाले. 2002, 2004 आणि आता 2018 अशी या क्लबची तिन्ही लीग विजेतेपदे युरी स्योमिन यांच्याच मार्गदर्शनाखाली आली आहेत. सत्तरी गाठलेल्या प्रशिक्षकाला मिळालेले हे यश पाहून मॉस्कोच्याच स्पार्ताक क्लबचे कट्टर समर्थकही आदराने बोलत होते.

राष्ट्रीय संघाकडून मात्र कोणालाच आशा नव्हती. मार्चमध्ये ब्राझीलकडून 0-3 आणि फ्रान्सकडून 1-3 असे पराभव झाले होते, आघाडीचा कोकोरिन गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला होता आणि फिफाच्या क्रमवारीत रशिया सत्तरावा, म्हणजे स्पर्धेतील सर्व संघांत तळाला होता. प्रशिक्षक चेर्चेसोव यांच्यावर वर्तमानपत्रांतून रोज टीका होत असे. मग 14 जूनला मॉस्कोच्या लुझ्निकी मैदानावर सौदी अरेबियाविरुद्ध 5-0 असा निकाल लागला. जखमी झागोयेवच्या जागी आलेल्या चेरिशेवने दोन गोल केले आणि वातावरण एका संध्याकाळीत पालटले. ज्याला त्याच्याच क्लबने हिवाळ्यात तुला शहराच्या आर्सेनल संघाकडे उसना धाडला होता, तो झ्यूबा गोल करून प्रशिक्षकाला सॅल्यूट ठोकत होता.

1 जुलैची स्पेनविरुद्धची लढत मी व्होल्गेच्या काठावरील मोठ्या पडद्यासमोर उभा राहून पाहिली. स्पेनने हजाराहून अधिक पास दिले आणि रशियाने पाच बचावपटूंची भिंत उभी करून ते सारे सोसले. हा खेळ देखणा नव्हता, असे अनेकांनी लिहिले आहे. आपली ताकद ओळखून एकशेवीस मिनिटे शिस्त न सोडणे हेही मोठे कौशल्य आहे, असे माझे ठाम मत आहे. पेनल्टी शूटआउटमध्ये रशियाचा गोलरक्षक अकिन्फेयेव उजवीकडे झेपावला आणि मागे राहिलेल्या डाव्या पायाने त्याने स्पेनच्या आस्पासचा फटका उडवला, तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंनी आधी क्रूसाची खूण केली आणि मग अनोळखी माणसांना मिठ्या मारायला सुरुवात केली. सोचीत क्रोएशियाविरुद्ध 2-2 अशा बरोबरीनंतर पेनल्टीवर पराभव झाला, पण त्या रात्री शहरात कोणी संघाला शिव्या घातल्या नाहीत. रशियात ही गोष्ट खरोखर दुर्मीळ आहे.

आमच्या शहराच्या वाट्याला गटातील चार सामने आले. इंग्लंड-ट्युनिशिया सामन्यात नदीकाठच्या चिलटांनी खेळाडूंना हैराण केले आणि जगभरच्या प्रेक्षकांनी ते पाहिले. आम्हा रहिवाशांना त्यावर व्हॅनिलाच्या पुडीचा उपाय ठाऊक आहे. ती पूड क्रीममध्ये कालवून हाता-मानेला चोळली की चिलटे जरा दूर राहतात. त्या आठवड्यात घराबाहेर पडावे तर ट्रामचा डबा बेकरीसारखा दरवळत असे.

शरद ऋतूत मॉस्कोच्या सीएसकेए क्लबने चॅम्पियन्स लीगमध्ये वेगळाच धक्का दिला. इग्नाशेविच आणि बेरेझुत्स्की बंधूंची पिढी निघून गेली होती, गोलोविन मोनॅकोला विकला गेला होता, तरीही या कोवळ्या संघाने ऑक्टोबरमध्ये लुझ्निकीवर रेआल माद्रिदला 1-0 आणि 12 डिसेंबरला माद्रिदमध्ये जाऊन 3-0 असे हरवले. एवढे करूनही सीएसकेए गटात शेवटचा राहिला, कारण उरलेल्या सामन्यांतील गुण हातचे गेले होते. त्याच महिन्यांत अकिन्फेयेवने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली.

आता खरा प्रश्न मैदानांचा आहे. अकरा शहरांत बारा मैदाने सज्ज झाली, पण 2018 मध्ये त्यांतील कित्येक शहरांत सर्वोच्च श्रेणीचा संघच नव्हता. सोचीसाठी तर उन्हाळ्यात पीटर्सबर्गचा दिनामो क्लब उचलून तिकडे नेला गेला आणि त्याचे नावही बदलले. हा मार्ग मला अजिबात पटत नाही, कारण अशाने दुसरा तोस्नोच तयार होण्याची भीती आहे. आमच्या व्होल्गोग्राडला निदान स्वतःचा रोटोर हा क्लब आहे. 1995 मध्ये याच क्लबने मँचेस्टर युनायटेडला युएफा चषकातून बाहेर काढले होते, आणि त्या सामन्यांच्या गोष्टी बाजारात भोपळ्याच्या बिया विकणारे काकासुद्धा खेळाडूंच्या नावांसकट सांगतात. 2018 मध्ये रोटोर दुसऱ्या श्रेणीत धडपडत होता आणि पंचेचाळीस हजार प्रेक्षकांच्या मैदानाचा खर्च पेलण्याची ताकद त्याच्यात नव्हती. विश्वचषकाच्या अंतिम दिवशी झालेल्या पावसाने याच मैदानालगतचा उतार खचला होता आणि तो दुरुस्त करावा लागला. प्रांताने आणि केंद्राने देखभालीचा भार आणखी काही वर्षे उचलला आणि रोटोरच्या मुलांच्या अकादमीलाही त्यातला वाटा मिळाला, तर हे मैदान भरण्याइतका जुना लळा या शहराला नक्कीच आहे. वसंतात सामने पुन्हा सुरू झाले की मी पूर्वेकडच्या स्टँडमध्ये असेन, आणि कोल्हापूरहून कोणी येणार असेल तर तिकिटाची सोय मी करीन.