‘ट्रेनी’ लिहिलं म्हणून किमान वेतन सुटत नाही

नियुक्तिपत्रावर ‘ट्रेनी’ छापलं की किमान वेतन द्यायला नको, हा समज लहान कारखान्यांत पक्का रुजलाय. सूट आहे, पण ती शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 खाली घेतलेल्या उमेदवारापुरती. त्याचा रीतसर करार नोंदवावा लागतो आणि त्याला वेतनाऐवजी विद्यावेतन मिळतं. करारच नसेल तर तो साधा कामगार. अकुशल, अर्धकुशल, कुशल यांपैकी ज्या वर्गाचं काम तो करतो, त्या वर्गाचा दर त्याला द्यावाच लागतो. ‘कमी पगार मला मान्य आहे’ असं लिहून घेतलेल्या कागदाला काडीची किंमत नाही.

नगावर काम असलं की हिशेब हमखास चुकतो. समजा शिलाईला नगामागे 4 रुपये, दिवसात 90 नग झाले, हातात 360. त्या कामाला सरकारने नगाचा दर ठरवलेला नसेल आणि दिवसाचा किमान दर 500 असेल, तर वरचे 140 मालकाने भरायचे. विडीसारख्या धंद्यात हजारी दरच ठरवून दिलेला असतो, म्हणजे हजार विड्यांमागचा दर, तिथे तो लागू.

अर्धवेळ कामगाराला अर्धा पगार, हेही सरसकट बरोबर नाही. महाराष्ट्राच्या अनेक अधिसूचनांत पद्धत अशी: मासिक दर भागिले 26 (महिन्याचे कामाचे दिवस), मग भागिले 8 (दिवसाचे तास), त्यावर 15 टक्के वाढ. 13,000 धरले तर दिवसाचे 500, तासाचे 62.50, आणि वाढीसह 71.88. म्हणजे चार तासांचे साधारण 287 रुपये 50 पैसे, 250 नव्हे. वीज गेली किंवा माल आला नाही म्हणून दुपारी घरी पाठवलेल्या रोजंदाराला मात्र पूर्ण दिवसाचा रोज द्यायचा. कामगारानेच काम नाकारलं असेल तर गोष्ट वेगळी.

पगारपत्रक तपासताना मालकाचा पीएफचा वाटा, प्रवासभत्ता आणि ओव्हरटाइम आधी बाजूला काढा. हे आकडे मिसळूनच ‘किमान’ गाठलेलं दाखवतात. ओव्हरटाइम तर दुप्पट दराने वेगळा. महाराष्ट्रात विशेष भत्ता, म्हणजे किमान वेतनातला महागाईशी जोडलेला भाग, जानेवारी आणि जुलैत बदलतो. गेल्या वर्षाचा दरांचा तक्ता भिंतीवर असेल तर थकबाकी तिथूनच सुरू होते.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षं आहे; 1948 च्या जुन्या किमान वेतन कायद्यात ती सहा महिने होती. पैसे दिले हे सिद्ध करायचा भार आता मालकावर आहे. तरीही हजेरीचे फोटो आणि बँकेचं पासबुक जपून ठेवा, कारण तुम्ही तिथे कामाला होता हे आधी दाखवावं लागतं. ठेकेदाराने पैसे बुडवले तर मूळ कंपनीलाही दाव्यात ओढा.