फुजी राहिला, त्सुरुगा झालं

आई-आण्णांच्या जपानवारीचं वेळापत्रक मी मार्चपासून करत होते. एक्सेलमध्ये. निळ्या रंगात गाड्या, हिरव्यात देवळं आणि पिवळ्यात आईच्या गुडघ्यासाठी बसायच्या जागा. कोणत्या स्टेशनवर लिफ्ट कुठल्या टोकाला आहे इथपर्यंत सगळं. नऊ वर्षं त्यांना आणू शकले नाही (कधी व्हिसा, कधी कोविड, कधी माझीच नोकरी, प्रत्येक वेळी कारण खरंच होतं), त्यामुळे आता एकही मिनिट वाया जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आण्णा आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रक. त्यांनी व्हॉट्सॲपवर तो तक्ता बघितला आणि एवढंच कळवलं, "राखीव वेळ कुठाय?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार. सकाळची नोझोमी ही शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, टोकियो ते क्योतो, सव्वादोन तास. तिकिटं महिन्याभरापूर्वी काढलेली. शिंकानसेनच्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन सीटा असतात. त्या दोनांतली खिडकीची 'ई' सीट फुजीच्या बाजूची. ती आईला, शेजारची आण्णांना, मी पलीकडं. टोकियो सोडल्यावर साधारण पाऊण तासानं डोंगर दिसतो, तेव्हा आईला हलवून सांगायचं हेसुद्धा तक्त्यात होतं. आता हसू येतं.

त्या आठवड्यात दहा नंबरचं वादळ आलं. जपानमध्ये चक्रीवादळांना आकडे देतात, त्या वर्षीचं कितवं ते. हे दहावं भलतंच निवांत निघालं, नैऋत्येकडच्या क्यूशू बेटावर चढलं आणि सायकलवर बसून गाव बघत फिरावं तसं रेंगाळलं. ते हजार किलोमीटर लांब असतानाच टोकियोच्या आसपास आणि शिझुओकात पाऊस कोसळत होता. शुक्रवारी जाहीर झालं की उद्या मिशिमा ते नागोया शिंकानसेन दिवसभर बंद. आमच्या वाटेचा नेमका मधला तुकडा.

आता थोडी भडास. इथं 'केइकाकु उनक्यू' म्हणून एक प्रकार आहे. अर्थ सरळ, ठरवून केलेला बंद. गाडी बिघडलेली नसते, रूळ वाहून गेलेले नसतात, फक्त उद्या धोका होऊ शकतो म्हणून आजच सांगून टाकतात की गाडी नाही. माझा यावर जुना राग आहे. २००५ च्या २६ जुलैला मी मुंबईत, हॉस्टेलवर होते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. लोक रात्रभर कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले, अनोळखी माणसांनी दारं उघडून चहा दिला. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय की पावसाला भिऊन आपण थांबत नाही. ऑफिसमध्ये जपानी सहकाऱ्यांना ही गोष्ट मी चार-पाच वेळा तरी सांगितली असेल, दर वेळी छाती थोडी पुढं काढून. ते डोळे मोठे करून 'सुगोई', म्हणजे भारीच, म्हणतात. एकदा फक्त एकानं हळूच विचारलं होतं, मग लोकांना आदल्या दिवशी घरी का नाही थांबवलं? मी विषय बदलला.

तरी शुक्रवारी रात्री मी तोच राग घेऊन बसले होते. फोनवर सगळं लाल. मी म्हटलं, "आण्णा, ढग आले म्हणून गाडी रद्द करतात हे लोक. भित्रेपणाला नियम म्हणायचं, दुसरं काय!"

आण्णा चष्मा पुसत होते. म्हणाले, "गाडी सोडणं सोपं असतंय गं. शिट्टी मारली की गेली. न सोडता ष्ट्यांडावर उभं राहायचं आणि शिव्या खायच्या, ते करून बघ." मग २०१९ च्या महापुराचं सुरू झालं. हायवेवर पाणी, कोल्हापुरात यायला-जायला वाट नाही, अडकलेली माणसं, कुणीतरी आणलेला खिचडीचा टोप. ते मी पन्नास वेळा ऐकलंय. त्या दिवशी मात्र पुरतं ऐकलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

रागाच्या भरात रात्री वाचत बसले आणि एक गोष्ट कळली, ती नऊ वर्षांत मला माहीत नव्हती. टोकियो-ओसाका मार्ग १९६४ चा, सगळ्यात पहिला. त्याचा बराच भाग मातीच्या भरावावर आहे. भरावात पाणी मुरत गेलं की तो खचू शकतो. म्हणून मार्गावर पर्जन्यमापकं बसवलेली आहेत आणि ठरलेल्या आकड्यापलीकडं पाऊस गेला की गाडी थांबवायचीच, तिथं कुणाचं मत विचारत नाहीत. नंतर बांधलेले मार्ग बहुतेक काँक्रीटच्या पुलांवर आणि बोगद्यांत आहेत, त्यांना पावसाचा एवढा त्रास नाही. आण्णांना सांगितलं तर ते खूश. "म्हंजे घाटातल्या दरडीचाच हिशोब की!"

शनिवारी सकाळी टोकियो स्टेशनवर रांग. पैसे परत मिळणार हे माहीत होतं. गाडी त्यांनी रद्द केली की पूर्ण रक्कम परत, कापून काही घेत नाहीत. माणशी चौदा हजार येन, तिघांचे किती ते करा. मला पैसे घेऊन घरी जायचं होतं, खरं सांगते. आईला दिवसभर माझ्या एवढ्याशा घरात बसवून ठेवायचं, हेच डोळ्यांसमोर होतं. तेवढ्यात गणवेशातले एक म्हातारे कर्मचारी रांगेजवळून आले, त्यांच्या हातात छापील नकाशा. त्यांनी पेनानं एक रेघ मारली. टोकियोहून सरळ पश्चिमेला न जाता वर नागानो, मग जपानच्या पलीकडच्या समुद्राकडं तोयामा, कानाझावा आणि खाली त्सुरुगा. होकुरिकू शिंकानसेन. ती मार्च २०२४ मध्येच त्सुरुगापर्यंत वाढवली होती. तिथून दुसऱ्या गाडीनं क्योतो. म्हणजे कोल्हापूरहून पुण्याला निघालेल्याला कुणी 'सोलापूर-नगरवरनं जावा' म्हणावं तसं.

मी जपानीत 'विचार करते' म्हणेपर्यंत आण्णांनी तो नकाशा स्वतःकडं घेतला होता. दोघं म्हातारे एकाच कागदावर वाकलेले. एकाला जपानीशिवाय येत नाही, दुसऱ्याला मराठीशिवाय फारसं नाही. आण्णा बोटानं रेघ चालवत गेले, ते गृहस्थ प्रत्येक वळणावर 'हाय, हाय' म्हणत मान हलवत होते. आण्णा वळून म्हणाले, "बघ, हाय म्हणतंय." कोल्हापुरी आणि जपानी होकार एकच आहे, हेही मला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. निघताना आण्णांनी त्यांना सलाम ठोकला. त्यांनीही टोपीला हात लावला.

काग़ायाकी ही वेगवान गाडी पूर्ण आरक्षित, तिच्यात जागा नव्हती. हाकुताकाला अनारक्षित डबे असतात. अख्खा टोकियो त्याच डब्यांसाठी फलाटावर उभा होता, पण रांगेत, पिवळ्या पट्टीच्या आत आणि गप्प. या शिस्तीचं कौतुक करून मी थकलेय, इथं त्याचं पारायण नको. दोन गाड्या सोडल्या, तिसरीत चढलो. आत गेल्यावर एका पोरानं काही न बोलता उठून आईला जागा दिली आणि लगेच दाराकडं जाऊन उभा राहिला, आभार मानायची संधीसुद्धा दिली नाही. आईनं नागानोपर्यंत वाट बघितली. मग पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि मला दाराकडं पिटाळलं. मी लाजेनं मरत होते. त्यानं दोन्ही हातांनी लाडू घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.

फुजी दिसायचा प्रश्नच नव्हता. (तसंही त्या ढगांत काहीच दिसलं नसतं, हे मी आईला तीन वेळा सांगितलं.) बोगद्यामागून बोगदे. मधेच तोयामाकडं बोगदा संपला आणि भाताची खाचरं लागली, कापणीला आलेली, पिवळी. आई खिडकीला नाक लावून म्हणाली, "आपल्यासारखंच आहे की गं." या वाक्यासाठी मी चौदा हजाराची फुजीची खिडकी बुक केली होती का, असं क्षणभर मनात आलं.

त्सुरुगाचं स्टेशन राक्षसी आहे. शिंकानसेन वर, पुढच्या गाड्या खाली, मधे सरकत्या जिन्यांची रांग आणि त्यांवरून पळणारी माणसं. क्योतोकडच्या एक्सप्रेसला आता सगळीच आसनं आरक्षित असतात आणि त्या दिवशी तीन जागा काही मिळेनात. आईचा गुडघा सुजला होता. क्योतोच्या हॉटेलला फोन केला. आजच्या रात्रीचे पैसे घेणार नाही, सावकाश या, म्हणाले. स्टेशनसमोरच एक खोली मिळाली. दुपारचे दोन वाजले होते, माझा तक्ता मेला होता आणि आम्ही तिघं अशा गावात होतो ज्याचं नाव आदल्या रात्रीपर्यंत मी फक्त नकाशात वाचलं होतं.

रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, इथं बघण्यासारखं काय? ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, बंदरावर एक संग्रहालय आहे.

त्सुरुगा हे जुनं बंदर. एके काळी टोकियोहून थेट बंदरापर्यंत गाडी यायची, बोटीनं व्लादिवोस्तोक आणि तिथून सैबेरियाच्या रेल्वेनं युरोप. १९१२ मध्ये ही जोडणी सुरू झाली. आण्णांना एवढ्यावरच आनंद झाला, एका तिकिटावर गाडी, बोट आणि परत गाडी! संग्रहालय समुद्राला लागून आहे, जुन्या चार इमारतींसारखं हुबेहूब नव्यानं बांधलेलं. आत दोन गोष्टी सांगितल्यात. एक १९४० ची. लिथुआनियातल्या कौनास शहरात चिउने सुगिहारा हे जपानी अधिकारी होते. वरून परवानगी नसताना त्यांनी ज्यू निर्वासितांना दोन हजारांहून अधिक व्हिसा लिहून दिले. ती माणसं सैबेरिया ओलांडून, बोटीनं, याच धक्क्यावर उतरली. गावानं काय केलं? फार मोठं काही नाही. कुणी फळं वाटली. एका सार्वजनिक स्नानगृहाच्या मालकानं एक दिवस इतर गिऱ्हाईक बंद ठेवून त्यांना फुकट अंघोळी घातल्या. घड्याळाच्या दुकानात त्यांनी मनगटावरची घड्याळं विकली. आई त्या स्नानगृहाच्या फोटोपाशी बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "इतक्या दिवसांच्या प्रवासानंतर गरम पाणी." बस, एवढंच.

दुसरी गोष्ट त्याच्या आधीची, १९२० आणि १९२२ ची. सैबेरियात अडकलेली पोलंडची अनाथ मुलं. साडेसातशेहून जास्त. त्यांना जपानी रेड क्रॉसनं बोटीतून इथं आणलं. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, सगळ्यांचे केस बारीक कापलेले. मी आण्णांना फलक वाचून दाखवत होते. 'पोलंड' आणि 'सैबेरिया' हे दोन शब्द आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"म्हंजे आपल्या वळिवड्यासारखं."

मी कोल्हापूरची, पण वळिवडं म्हटल्यावर माझ्या डोक्यात काही आलं नाही. गांधीनगर म्हटल्यावर आलं, लग्नाचा बस्ता बांधायला जातात ते. आण्णांनी तिथंच, पोलिश मुलांच्या फोटोसमोर उभं राहून मला माझ्याच गावाचं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात रशियानं उचलून सैबेरियाकडं नेलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली, १९४३ पासून पाचेक हजार माणसं वळिवड्याच्या छावणीत राहिली, बायका आणि पोरंच जास्त. शाळा, चर्च, सगळं होतं. १९४८ पर्यंत सगळे गेले. त्याच बराकींत मग फाळणीनंतरचे सिंधी आले आणि त्याचं गांधीनगर झालं. आण्णांच्या आईनं लहानपणी पोलिश बायका पंचगंगेकडं फिरायला आलेल्या बघितल्या होत्या म्हणे. ही आज्जी माझ्या आठवीपर्यंत होती. मी कधी काही विचारलं नाही.

जपान्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या मुलांचं एवढं नीट जपून ठेवलंय आणि आपण... हे वाक्य मनात सुरू झालं होतं. पण मी ते पुरं करत नाही, कारण आण्णांना तर सगळं पाठ होतं. माहीत नव्हतं ते मला.

बाहेर पडताना टेबलावर अभिप्रायाची वही होती. आण्णांनी पेन मागितलं आणि त्यांच्या त्या कंट्रोलरूमच्या गोल अक्षरात मराठीत पान भरून लिहिलं. तिथल्या बाईंनी उत्सुकतेनं विचारलं, काय लिहिलंय? मी जमेल तसं जपानीत सांगितलं. त्या उठल्या, आतून कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, त्या गावाचं नाव परत एकदा सांगा, मी शोधेन.

मी सांगितलं. त्यांनी काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहिलं आणि वाचून दाखवलं. "वारिवादे."

"वळिवडे," आण्णा म्हणाले.

"वारिवादे."

पाच वाजत आले होते, दिवे मालवायची वेळ. बाहेर पाऊस परत सुरू झाला होता. आई खुर्चीवर बसून गुडघा चोळत होती, पिवळ्या रंगाची जागा नसतानाही. आण्णांनी चष्मा काढला, तोंड उघडलं आणि जीभ टाळ्याला कशी मागं वळवायची ते बोटानं दाखवायला लागले. "ळ. असं बघा. ळ." बाईही तोंड उघडून तसंच करायला लागल्या.