आरसा वर गेला की

कॅमेरे जमवायला कारण लागत नाही. एक लेन्ससाठी येतो, एक शटरच्या आवाजासाठी, एक नुसता दिसायला देखणा म्हणून, आणि एक 'आत्ता घेतला नाही तर पुन्हा मिळायचा नाही' म्हणून. काढून टाकायची वेळ आली की मात्र प्रत्येकाचा एकेक वकील उभा राहतो, आणि ते सगळे वकील आपणच असतो.

शिवाय कॅमेरा नुसता ठेवून दिला तरी धड राहत नाही. हवा दमट असली की लेन्सच्या आत बुरशी धरते. आधी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, मग त्यातून फुटलेले बारीक पांढरे धागे. फार दुर्लक्ष झालं तर ती काचेवरचं कोटिंगच खाते. मागच्या झाकणाच्या खाचांमधल्या फोमचा काळा, चिकट लगदा होतो. शटर बरेच महिने चाललं नाही तर वंगण घट्ट होतं आणि एक सेकंदाचा वेग दीड सेकंद रेंगाळतो. म्हणून सुटीच्या दिवशी सगळे बाहेर काढायचे, पुसायचे, प्रत्येक वेगावर चालवून बघायचे, सिलिका जेल बदलायचं आणि परत ठेवायचे. दिवसभर शटर वाजत राहायचं आणि फोटो एकही निघायचा नाही.

तरी कपाटातले कॅमेरे कमी करायचं ठरवलं, त्याचं कारण हे नव्हे. निगा राखण्यातही एक मजा असते, ती मी नाकारणार नाही. अडचण हातांची होती.

निकॉनची फोकस रिंग ज्या बाजूला फिरवली की लांबचं स्पष्ट होतं, त्याच बाजूला कॅननची फिरवली तर जवळचं स्पष्ट होतं. निकॉनची लेन्स बसवायची दिशाही बाकी बहुतेकांच्या उलटी. शटरच्या वेगाची चकती साधारणपणे कॅमेऱ्याच्या माथ्यावर उजवीकडे असते. ऑलिंपस ओएम-१ मध्ये ती लेन्सच्या बुडाशी, माउंटभोवती, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्याभोवती आहे. या मागचा विचार फार सुंदर आहे. डावा हात लेन्सखाली असतोच, मग फोकस, ॲपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) आणि वेग तिन्ही त्याच हाताकडे द्या, म्हणजे डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलवायलाच नको. पण आदल्या दिवशी दुसरा कॅमेरा हातात असेल तर बोट सवयीने माथ्यावर जातं, आणि तिथे ओएम-१ मध्ये फिल्मच्या स्पीडची, म्हणजे ती उजेडाला किती चटकन प्रतिसाद देते त्याची, चकती असते. कपाटातला एकही कॅमेरा वाईट नव्हता. एवढे सगळे मिळून माझ्या हाताला एकही सवय लागू देत नव्हते, इतकंच.

ही सवय एवढी महत्त्वाची का, ते माझ्या भाचीच्या एका प्रश्नामुळे नीट उमगलं. ती फोटोग्राफी शिकते आहे, म्हणून पहिला निरोप दिला तो पेंटॅक्स के१००० ला. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हा कॅमेरा बनत राहिला आणि शिकणाऱ्यांचा कॅमेरा म्हणूनच त्याचं नाव झालं. त्यात सेल्फ-टायमर नाही, उजेड मोजणारा मीटर बंद करायचं बटणही नाही. मीटर बंद करायचा म्हणजे लेन्सला टोपी लावायची. तिने तो डोळ्याला लावला, बटण दाबलं आणि म्हणाली, "मामा, फोटो काढताना मध्येच अंधार का होतो?"

इतकी वर्षं एसएलआर, म्हणजे आरशातून त्याच लेन्सचं चित्र दाखवणारे कॅमेरे, वापरून मी त्या अंधाराकडे बघायचं सोडून दिलं होतं. होतं असं: लेन्समधून आलेला उजेड पंचेचाळीस अंशांत कललेल्या आरशावर आपटून वर काचेवर जातो आणि तिथून प्रिझममधून डोळ्यात. बटण दाबलं की ॲपर्चर ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटतं, आरसा झटकन वर जातो, शटरचा पहिला पडदा उघडतो, दुसरा बंद होतो, आरसा खाली येतो. आरसा वर असेपर्यंत डोळ्यापुढे काही नाही. म्हणजे जो क्षण फिल्मवर उमटतो, नेमका तोच आपण पाहिलेला नसतो. बॅटला चेंडू लागलेला तुम्हाला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसला, तर तो फोटोत नाही असं खुशाल समजा.

पूर्वीच्या लोकांचे हाल तर याहून मोठे. १९३६ च्या किने एक्झाक्टामध्ये कॅमेरा छातीशी धरून वरून खाली बघायचं. चित्र सरळ दिसायचं, पण डावं-उजवं उलटं, त्यामुळे उजवीकडे पळणारं पोर काचेवर डावीकडे पळायचं. पेंटाप्रिझमने ते सुधारलं. १९४९ चा कॉन्टॅक्स एस डोळ्याला लावून समोर बघता येऊ लागलं. पण आरसा एकदा वर गेला की पुढची फ्रेम ओढेपर्यंत वरच. हंगेरीच्या डुफ्लेक्सने आपोआप खाली येणारा आरसा आधीच करून दाखवला होता, मात्र तो फारसा कुणाच्या हाती पोचला नाही. १९५४ च्या आसाहीफ्लेक्स २बी पासून तो रुळला. पुढे १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि व्यावसायिक मंडळी मोठ्या संख्येने एसएलआरकडे वळली.

आता बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत आरसाच राहिला नाही. २०१७ च्या सोनी ए९ पासून तर काही कॅमेऱ्यांत फोटोंचा धडाका चालू असतानाही समोरचं चित्र क्षणभरही जात नाही, आणि उडत्या पक्ष्यांमागे फिरणाऱ्या माणसाला याची किंमत विचारा. माझाही असा बिनआरशाचा, मिररलेस कॅमेरा चांगलाच होता. तो गेला, कारण त्यात मी सारखे निघालेले फोटोच बघत बसायचो. रेंजफाइंडरमध्ये, म्हणजे लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्यात, अंधार होत नाही, पण त्याच्या खिडकीत सगळंच सारखं स्पष्ट दिसतं. लेन्स काय बघते आहे ते कळत नाही. तोही गेला. दोन लेन्सवाला उभा डबा कमरेशी धरायला फार आवडायचा. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, नाहीतर परत मागून आणेन.

उरला निकॉन एफएम२. १९८२ चा. सेकंदाच्या १/४००० भागाचं त्याचं शटर तेव्हा नवलाचं होतं आणि ते संपूर्ण यांत्रिक आहे. बटणासारखे दोन सेल फक्त मीटरला लागतात. सेल संपले तर कडक उन्हात ॲपर्चर एफ १६ आणि फिल्मच्या स्पीडजवळचा वेग लावायचा, काम भागतं. दोष आहेत. फिल्म ओढायची लिव्हर थोडी बाहेर खेचल्याशिवाय मीटर सुरू होत नाही आणि बटणही दबत नाही, आणि जो डावा डोळा लावून बघतो त्याच्या कपाळात ती बरोबर टोचते. मी डावा डोळा लावतो.

पण त्याच्या व्ह्यूफाइंडरमधल्या काचेवर फोकस करण्यासारखं सुख नाही. मधोमध एक गोल असतो, आडवा दुभंगलेला. समोरच्याच्या चष्म्याची उभी कडा त्यात धरली की वरचा तुकडा इकडे, खालचा तिकडे. रिंग फिरवत गेलं की दोन्ही सरकत सरकत एकमेकांखाली येतात आणि कडा सलग होते. त्याच वेळी मागची भिंत विरघळते, कान किंचित धूसर होतात. उभी कडा सापडली नाही तर कॅमेरा तिरका करून आडवी धरायची. लेन्स एफ ५.६ किंवा त्याहून मंद, म्हणजे कमी उजेड घेणारी, असेल तर गोलाचा अर्धा भाग काळा पडतो आणि सगळा खेळ संपतो. आणि हे जमलं की मग अंधाराची भीती उरत नाही, कारण हसू फुटण्याच्या जरा आधी बोट दाबायचं असतं आणि तोवर बाकीचं सगळं हाताने न विचारता उरकलेलं असतं.

फिल्ममुळे माणूस विचार करून फोटो काढतो असं म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. छत्तीस फोटो बिनविचाराने काढलेले मी पाहिलेत, माझेच. फिल्म शिकवते ती वेगळीच शिस्त. झाकण लावून लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची चकती फिरते का, ते बघायचं. फिरत नसेल तर रोल पकडलेला नाही.

एक डिजिटल एसएलआरही ठेवला आहे, त्याच माउंटचा, आरसा आणि अंधारासकट. पण त्यामुळे लेन्सची छाटणीही आपसूक झाली. १९७७ च्या आधीची, बदल न केलेली लेन्स एफएम२ वर बसवायची नाही, आणि ज्या नव्या लेन्सना ॲपर्चरची रिंगच नाही त्या त्यावर कायम मिटून बसतात. दोन्ही बॉडींवर सुखाने चालतील अशा मोजक्याच राहिल्या. ५० मिलिमीटरच्या लेन्सला हात लावायचा नाही. १०५ चेहऱ्यांसाठी हवीच. २८ चं मन घट्ट करून विक्रीची जाहिरात लिहून ठेवली आहे. तिचा फोटो तेवढा काढायचा राहिलाय.