पिएट अपडेट: बुलेटच्या रिम, सहा इंची हब आणि निपलपाशी तुटलेला स्पोक

मंडळी, चाकाचा स्पोक तुटला, निपलपाशी, म्हणजे त्याला रिममधे आवळणाऱ्या छोट्या नटापाशी. तोही विमान अजून त्या चाकांवर उभं पण राहिलेलं नसताना, गॅरेजमधे टेस्टच्या टेबलावर. आज खरं तर बंजी (ॲक्सलला धक्के झेलायला गुंडाळतात तो रबरी दोर) गुंडाळतानाचे फोटो टाकायचे होते, ते राहिलं बाजूला, चाकं परत खोलून रिम भिंतीला टेकवून ठेवल्यात आणि हे लिहितोय.

जे मधेच आलेत त्यांच्यासाठी एवढंच, की घरी बांधतोय ते विमान पिएटेनपोल एअर कॅम्पर, लाडाने पिएट, फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन, सरळ ॲक्सलवालं जुन्या स्टाइलचं लँडिंग गिअर, ग्रॉस वेट १०८० पाउंड धरून चाललोय. चाकांना बुलेटच्या १९ इंची डब्ल्यूएम२ मापाच्या रिम, ४० भोकांच्या, कोल्हापूरहून मामेभावाने पाठवलेल्या, आणि त्यात मी लेथवर केलेला सहा इंची हब (म्हणजे स्पोक अडकवायच्या दोन चकत्यांमधलं, फ्लँजमधलं, अंतर सहा इंच), विण तीन क्रॉस, म्हणजे प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना ओलांडून जातो. बाकी जुन्या अपडेटमधे आहेच.

आमच्या ईएए (घरी विमानं बांधणाऱ्यांची अमेरिकन संघटना) चॅप्टरचे टेक्निकल कौन्सेलर आजोबा पहिल्यापासून एकच सांगतायत, ६.००-६ मापाची छोटी कास्ट चाकं घे, ब्रेकसकट येतात, आणि उडायला लाग. चुकीचं काहीच नाही त्यात. पण जुलैमधे ऑशकॉशच्या, ईएएच्या मोठ्या मेळाव्याच्या, आधी विस्कॉन्सिनमधल्या ब्रॉडहेडला पिएटवाल्यांच्या मेळाव्याला जाऊन गवतावर ओळीने उभी असलेली, चाकांना कापडी कव्हरं लावलेली पिएट एकदा बघितली की मग तसल्या गिअरला छोटी जाड चाकं बघवत नाहीत, नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घातल्यासारखं दिसतं. आणि मोठ्या चाकाने नाक वर राहतं हा पण मुद्दा आहे, मॉडेल एचा पंखा (प्रोपेलर) सहा फुटांहून लांब, तो जमिनीपासून जितका लांब तितकं बरं. शिवाय ताणलेल्या तारांचं चाक ही मुळात विमानासाठीच सुचलेली गोष्ट, जॉर्ज केलीने १८०८ मधे उडत्या यंत्राला हलकं चाक पाहिजे म्हणून ते वहीत काढून ठेवलं होतं, सायकलला तारेची चाकं लागायच्या कितीतरी आधी. म्हणजे हक्क आपलाच पहिला!

आता मूळ दुखणं. मोटरसायकल वळताना झुकते, त्यामुळे तिच्या चाकावरचा लोड कायम चाकाच्या रेषेतच राहतो, आडवा जवळजवळ येतच नाही, म्हणून बुलेटचा हब अरुंद असला तरी चालून जातं. विमान झुकत नाही. क्रॉसविंडमधे, आडव्या वाऱ्यात, थोडं सरकत टेकलं की जमीन चाकाला सरळ आडवी ढकलते, गवतावर निदान टायर घसरतो तरी, डांबरावर तो धरून बसतो आणि सगळा धक्का स्पोकवर. साइडकार लावणाऱ्यांना हे माहिती आहे, त्यांचे स्पोक उगाच नाही तुटत.

एक्सपेरिमेंटल म्हणजे घरी बांधलेल्या विमानांच्या वर्गातलं असल्यामुळे आपल्याला कोणी हिशोब मागत नाही पण मोजायला काहीतरी पट्टी हवी म्हणून मी जुन्या पार्ट २३ (छोट्या विमानांचे अमेरिकन नियम) मधलं २३.४८५ कलम घेतलं. त्यात एका चाकावर वजनाच्या ०.५ पट लोड आतल्या बाजूला आणि त्याच वेळी दुसऱ्यावर ०.३३ पट बाहेरच्या बाजूला धरतात. म्हणजे माझ्या केसमधे एका टायरच्या तळाशी ५४० पाउंड आडवे, आणि टायरची त्रिज्या १३ इंच, म्हणजे हबपाशी ७००० इंच-पाउंडच्या वर पिळ. छोटा आकडा नाहीये हा.

म्हणूनच सहा इंची हब. बुलेटसारख्या अडीच इंची हबला स्पोक चाकाच्या मधल्या पातळीशी जेमतेम ९ अंश करतो, सहा इंचीला २० च्या आसपास जातो, आणि आडवी ताकद त्या कोनाच्या साइनच्या वर्गाने वाढते म्हणजे जवळजवळ पाचपट. कागदावर एकदम झकास. हबही सुंदर झाला होता, खरंच. ४१३० स्टीलच्या ट्यूबवर दोन फ्लँज वेल्ड केले, फ्लँज सपाट न ठेवता स्पोकच्या कोनात आत झुकवले म्हणजे स्पोकच्या मानेवर वाक येत नाही, मग रोटरी टेबलवर भोकं, वेल्डिंगनंतर परत लेथवर घेऊन फेस मारला आणि डायल लावला तर रनआउट (फिरताना डगमग) २ थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश. दोन थाऊ मंडळी! आतमधे ब्राँझचे बुश, बेअरिंग नाही, कारण टॅक्सी, टेकऑफ आणि लँडिंग सोडून हे चाक फिरतंय कशाला.

तर टेस्ट. ॲक्सलचा तुकडा टेबलाला क्लँप केला, चाक आडवं, रिमवर एक लोखंडी चॅनल बोल्ट करून ओढायचा हूक बरोबर मधल्यापासून १३ इंचांवर आणला, चेन पुली आणि मधे लटकवायचा डिजिटल काटा. टप्प्याटप्प्याने ओढायचं, थांबायचं, रिम किती हलली ते डायलवर लिहायचं. ३०० पाउंडांपर्यंत रीडिंग एका सरळ रेषेत, मी खूश. मग एक टिक असा आवाज, मग अजून एक, मला वाटलं स्पोक बसतायत जागेवर, चाकाचा आउट (वाकडेपणा) काढताना पण असे आवाज येतातच. आणि चारशेला पोचायच्या आतच फाट्कन एक स्पोक गेला, निपल रिममधून उडून शेल्फखाली, तो अजून सापडलेला नाही.

पहिला संशय अर्थातच स्पोकवर. हे स्पोक मी जिथून घेतले त्यांचं नाव घेत नाही, पण ऑर्डर देताना स्पष्ट लिहिलं होतं की आटे रोल केलेले हवेत, आणि आले ते डायने कापलेले. ओळखायला सोपं आहे, रोल केलेल्या आट्यांचा बाहेरचा व्यास तारेपेक्षा किंचित जास्त असतो, नख फिरवलं तरी कळतं, कापलेले आटे तारेच्या लेव्हलला असतात आणि खाचेच्या तळाशी तार बारीक होते. ईमेल केली तर उत्तर, स्टेनलेसमधे असंच येतं. असं काही नसतं! स्टेनलेस स्पोक रोल आट्यांचे सर्रास मिळतात.

पण मग तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला आणि राग जरा बाजूला ठेवावा लागला. आट्यांच्या सुरुवातीला, निपलच्या तोंडापाशी, स्पोकच्या एकाच बाजूला चकचकीत अर्धचंद्रासारखा ओरखडा. म्हणजे स्पोक निपलमधून सरळ बाहेर पडतच नव्हता, निपलच्या कडेवर रेलून वाकत होता. शेजारचा खोलला, तसाच ओरखडा, त्याच बाजूला. मग एकामागून एक खोलत गेलो, कुठे कमी कुठे जास्त पण बाजू प्रत्येकाची तीच, आणि समोरच्या फ्लँजवाल्या स्पोकना बरोबर उलट बाजूला.

कारण रिममधे आहे. मोटरसायकलच्या रिमला निपलसाठी जे खड्डे दाबून भोकं पाडलेली असतात ती तिरपी असतात, ज्या हबसाठी रिम बनली त्या हबच्या दिशेने रोखलेली. बुलेटची रिम बघते ती अरुंद, मोठ्या ब्रेक ड्रमवाल्या हबकडे. माझा हब रुंद आणि फ्लँज छोटा, चार इंच व्यासाचा. म्हणजे आडव्या दिशेने भोक ९ अंशांवर आणि स्पोक २० वर, आणि चाकाच्या फिरण्याच्या दिशेने उलटं प्रकरण, ड्रमसाठी भोक जवळपास २० अंश तिरपं आणि माझा स्पोक जातोय ११ ने. दोन्हीकडून दहा-दहा अंशांची ओढाताण. निपल खड्ड्यात थोडं डोलतं, इतकं नाही डोलत. हे दुखणं रोल आट्यांनी पण बरं झालं नसतं, फार तर स्पोक जरा उशिरा तुटला असता आणि तो कदाचित धावपट्टीवर.

मामेभावाचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, बुलेटची जुनी कामं पण करतो, त्याला फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन, "आरं दादा, पुढची रिम मागच्या हबला घालत न्हाई आपण, भोकांचा तिरपा येगळा असतोय. तू तर हबच दुसरा केलाईस." मी म्हटलं आधी का नाही सांगितलंस, तर म्हणतो, "इमानाला लावतोयस म्हनलास, मला वाटलं शोकेसला." घ्या आता.

तर पर्याय. आधी वाटलं दोन क्रॉस करून बघू, पण त्याने फिरण्याच्या दिशेचा कोन अजून कमी होतो, म्हणजे आजार वाढतो. फ्लँज मोठा केला तर ती एक दिशा सुटते, आडवी तशीच राहते, शिवाय वजन. हब साडेचार इंचांवर आणला तर आडवा कोन १५ अंश, ताकद पाचपटीवरून तिपटीवर येते आणि भोकाशी फरक सहा अंशांचा राहतो, हा मोह बरेच दिवस होता, कारण रिम वाया जात नाहीत. पण निपलपाशी सहा अंशांचा वाक कायमचा ठेवून रोज शंभर वेळा टॅक्सी करायची हे मनाला पटेना. निपलचं भोक रिममधे गोल फाइलने मोठं करून तिरपं करणारे लोक आहेत, फोटो बघितलेत, मी नाही करणार. ती रिम आधीच खड्ड्यापाशी ताणलेली असते.

शेवटी जे लोक सुरुवातीपासून सांगत होते तेच, बिनभोकाची ॲल्युमिनियम रिम घ्यायची आणि हब पाठवून हबप्रमाणे भोकं पाडून घ्यायची. कॅलिफोर्नियात अझूसाला बुकॅनन्स आहेत, मोटरसायकलवाल्यांना सांगायला नको, ते हब बघून रिमला भोकं पाडतात आणि त्याच मापाचे स्पोक निपलसकट देतात. पैसे लागतात, हो. पण आत्तापर्यंत स्पोकवर जे उडवलेत ते बघता हे आधीच स्वस्त पडलं असतं. वजन पण वाचेल, बुलेटची क्रोमवाली स्टील रिम काही हलकी नाही. बुलेटच्या रिम परत पाठवणं परवडत नाही, कोणाला इकडे इलिनॉयमधे बुलेटसाठी हव्या असतील तर येऊन घेऊन जा, चहा माझ्याकडून.

तीन क्रॉसच ठेवणार. मला ब्रेक हवेत, आमच्या फील्डवर डांबर आहे, आणि ब्रेकचा पिळ हबकडून रिमकडे न्यायला स्पोक तिरपे लागतातच, सरळ रेडियल विणलेलं चाक ब्रेकखाली हबभोवती पिळवटतं. गवतावर उतरणाऱ्या आणि टेलस्किडवाल्यांनी (शेपटीला चाकाऐवजी घसरपट्टी असणाऱ्यांनी) रेडियलची मजा करावी, दिसतं छानच.

मधल्या काळात एक काम मात्र फत्ते झालं, चाकांची कव्हरं. विंगचं उरलेलं डॅक्रॉन (पॉलिएस्टर कापड), बायकोच्या मशीनवर शिवून कडेला दोरी ओवली, इस्त्रीने ताणलं आणि ढोलकीसारखं वाजायला लागलं. व्हॉल्व्हसाठी झाकण ठेवलंय. ही कव्हरं नुसती शोभेची नाहीत, हवेचा रोध खरंच कमी होतो आणि चिखल स्पोकमधे जात नाही. आता स्पोक दिसणारच नाहीत तर मग तारेची चाकं कशाला असं विचारू नका, घरात विचारून झालंय.

बुकॅनन्सला पाठवायचं हबचं पार्सल पॅक करायला घेतलं आणि तेवढ्यात एक डोक्यात आलं, म्हणून ते अजून उघडंच आहे. २३.४८५ मधे आतला लोड ०.५ आणि बाहेरचा ०.३३, म्हणजे चाकावर सगळ्यात मोठा आडवा धक्का नेहमी आतल्या दिशेला. वाऱ्याने विमान उजवीकडे सरकत टेकलं तर उजव्या चाकाला जमीन फ्यूजलाजकडे (विमानाच्या धडाकडे) ढकलते, आणि तेव्हा रिमच्या तळाला बाहेर ओढून धरतात ते बाहेरच्या फ्लँजचे स्पोक. मग दोन्ही फ्लँज मधल्यापासून सारख्या अंतरावर कशाला? बाहेरचा साडेतीन इंचांवर आणि आतला अडीच इंचांवर ठेवला तर हब तेवढाच सहा इंची, ज्या बाजूने मार जास्त त्या बाजूला कोन जास्त. शिवाय चाक आत सरकवता आलं तर ॲक्सलचा लोंबता भाग पण कमी होईल, तो वाकण्याचा प्रश्न वेगळाच आहे.

अडचण एकच, असं एकीकडे झुकलेलं चाक केलं की ताण सारखा राहत नाही, सपाट बाजूच्या स्पोकना जास्त ताण बसतो आणि रुंद बाजूच्या कमी, सायकलच्या मागच्या चाकात गिअरच्या बाजूला होतं तसंच. आणि असं चाक खालच्या स्पोकमधला ताण कमी करून वजन पेलतं, ताण मुळातच कमी असला तर उभ्या धक्क्याला ते स्पोक ढिले पडतील, निपल फिरायला लागतील. ३.५ आणि २.५ ला हिशोब केला तर रुंद बाजूचा ताण दुसऱ्या बाजूच्या ७० ते ७५ टक्के येतोय. सायकलवाले याहून वाईट आकड्यांवर वर्षानुवर्षं फिरतात, पण ते ५४० पाउंड आडवे खात नाहीत.

हब कापायचा की तसाच पाठवायचा हे या वीकेंडला ठरवतो, कापायचा तर लेथवर एका दिवसाचं काम आहे. तोपर्यंत ज्यांच्याकडे सरळ ॲक्सल आणि तारेची चाकं आहेत त्यांनी रिमच्या मधल्या रेषेपासून बाहेरच्या आणि आतल्या फ्लँजचं अंतर मोजून टाका, स्पोकचं गेज पण, आणि साइडकारवाले कोणी असतील तर तुमचे स्पोक हबपाशी तुटतात की निपलपाशी तेवढं सांगा. निपलपाशी तुटत असतील तर भिंग घेऊन ओरखडा कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा, स्पोकवाल्याशी भांडायला नंतर जा.